नदीकडची दारं

आदिलाबादेतल्या माझ्या दुकानासाठी मी रोज सकाळी बेल्याजवळच्या एका गावातून वांगी आणतो. तिथं एक म्हातारा रोज दिसतो. मुलानं बांधलेल्या नव्या घराचं दार रस्त्याकडं आहे, पण हा मागच्या परसात खाट टाकून पैनगंगेकडं तोंड करून बसतो. खाटेची अर्धी बाजू मोकळी ठेवतो. तिथं नातवालाही बसू देत नाही, मधूनच नुसता हात फिरवतो.

एकदा मी विचारलं, "बाबा, रस्ता सोडून इकडं काऊन बसता?"

"आमचे मानसं नदीच्या पल्याडून आले," तो म्हणाला. "इथं समदं जंगल होतं. तोडून वावरं केली, ज्वारी पेरली. पन पयल्या साऱ्या घरायचे दारं नदीकडं ठेवले. तिकडून कोनी वापस बोलवाले आलं, त दिसलं पाह्यजे ना."

"मंग, आलं कोनी?"

"अजून त नाई." बस यायला थोडा उशीर झालाय, अशा सुरात.

परवा रस्त्यावर पुलाचं काम निघालं, म्हणून मी नदीकाठच्या पांदणवाटेनं, नदीच्या बाजूनं गावात गेलो. म्हाताऱ्यानं मला लांबूनच पाहिलं. तो लगबगीनं उठला, डोक्याचा शेला सोडून नीट बांधला, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. जवळ गेलो तेव्हा त्यानं गाडीवरची वांग्यांची रिकामी पोती ओळखली.

"तुमी व्हय," तो म्हणाला. मग मोकळ्या बाजूवर हात फिरवून, "बसा."

मी चहा उभ्यानंच घेतला.