मामाचा रकाना

समाजाचा वधू-वर मेळावा धुळ्याला होता. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, तीही बीसीए, म्हणून मोठ्या पडद्यावर माहिती दाखवायचं काम माझ्याकडे आलं. 'आपलीच पोर शे' समितीवाले म्हणाले, म्हणजे फुकट. मला चाललं. कारण माझी मोठी ताई या मेळाव्यात असणार होती. येणारी स्थळं एकेक करून बंद झाली होती आणि आईने तिला यंदा मुद्दाम नवी साडी घेतली होती.

आदल्या दिवशी मंगल कार्यालयात बसून सगळ्यांची यादी काढणारी क्वेरी चालवली. ताई दिसेना.

प्रोग्राम मागच्या वर्षी कुणीतरी करून दिलेला. त्यात माहितीचे चार तक्ते, म्हणजे चार टेबलं: मुलंमुली, शिक्षण, पालक आणि मामा. आमच्यात मामाचं कूळ नि गाव विचारल्याशिवाय बोलणं पुढे सरकतच नाही. चारही टेबलं इनर जॉईनने बांधलेली. म्हणजे जिची ओळ चारही ठिकाणी सापडेल तीच पडद्यावर येणार. ताई पहिल्या तिन्हींत होती, चौथ्यात नव्हती. आईने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून साक्रीकडचे तिचे भाऊ आमच्या दारात आलेले नाहीत. ताईच्या फॉर्मवर मामाचं नाव आईने लिहिलंच नव्हतं.

मी तेवढ्या एका ठिकाणी लेफ्ट जॉईन केला. आता मामा सापडो न सापडो, मुलगी येणार. फक्त तो रकाना कोरा राहणार. ताई आली. तिच्याबरोबर आणखीही काही मुली आल्या. त्या गायब होत्या हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

समितीचे नाना बघायला आले.

"हे कोरं काय गं?"

"मामा."

"पोरी, लोक विचारतील."

"विचारू द्या ना नाना. आम्ही सांगू."

"तुम्ही सांगाल, शोभा आमची होईल. होतं तसं कर."

"म्हणजे या मुलींना काढू?"

"मी कुठे काढ म्हणतोय? कॉम्प्युटरनंच घेतल्या नव्हत्या!" नाना हसले. मग मायेनेच म्हणाले, "बरं, तुझ्या ताईला मामा म्हणून माझं नाव टाक. मिटलं."

बाकीच्यांचं काय, ते बोलले नाहीत. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "मना भाऊ जित्ता शेतस. उसना मामा नको."

"सगळ्या दिसतील, नाहीतर माझा लॅपटॉप घरी जाईल," मी नानांना सांगितलं.

"बघू," म्हणाले.

सकाळी गेले तर टेबलावर दुसरा लॅपटॉप होता. त्यावर जुना प्रोग्राम. माझ्याकडे कुणी बघेना. ताई नव्या साडीत, आईशेजारी, पदर सारखा करत बसलेली. पडद्यावर फोटो येत होते, नावं पुकारली जात होती, मामांची गावं वाचली जात होती. जेवणाची हाक आली तेव्हा ताईच म्हणाली, "चला."

स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "मी कशी दिसत होते ते दाखव तरी."

बाकावर बसून लॅपटॉप उघडला. तिचा फोटो, बारावी, वडिलांचं नाव, आणि शेवटी तो कोरा चौकोन. आई वाकून बघत राहिली. मग चौकोनावर बोट ठेवून म्हणाली,

"इतलासाच शे का?"