जवाऱ्यांना पाणी

नवरात्र लागलं की दुर्गजवळच्या आमच्या बोरसीच्या गल्लीत दोन तऱ्हेच्या पेरण्या होतात. आई अंगणातली माती भुसभुशीत करून मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि लसूण लावते. भिंतीपलीकडची शेजारीण देवघराच्या अंधारात टोपल्यांमध्ये गहू पेरते. त्याला इकडे जवारा म्हणतात. त्या पिवळ्या अंकुरांजवळ नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा आणि शेवटी टोपल्या डोक्यावर घेऊन तळ्यात सोडायच्या. मधेच दिवा विझला किंवा अंकुर सडले, तर घरावर संकट येणार असं मानतात.

आम्ही बौद्ध. आईबाबांनी नागपूरला प्रतिज्ञा घेतल्या, त्याला जमाना झाला. आमच्या घरात देवघर नाही, बुद्धाची मूर्ती आणि पुढे मेणबत्ती आहे. तरी आईचं आणि शेजारणीचं छान जमायचं. भिंतीवरून दोडके जायचे, अंबाडी जायची, चमकुऱ्याची म्हणजे अळूची पानं जायची. मात्र त्याच पानांच्या वड्या करून दिल्या की शेजारणीचं पोट नेमकं भरलेलं असायचं. आमचं कच्चं तिला चालायचं, शिजवलेलं नाही. आईने ते कधीच ओळखलं होतं आणि वड्या देणं बंद केलं होतं. मला मात्र तो दोडकाही देऊ नये असं वाटायचं. मी कॅम्प-१ वस्तीतल्या शाळेत शिकवते. दिवसभर मुलांना समतेचे धडे द्यायचे आणि घरी येऊन हे बघायचं, म्हणजे डोकं फिरायचंच.

त्या वर्षी नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या नवऱ्याला डेंगी झाला. प्लेटलेट्स घसरत होत्या, त्याला दुर्गच्या दवाखान्यात हलवलं. मुलगा हैदराबादला. गावच्या नातेवाइकांच्या घरी त्यांचे स्वतःचे जवारे. सकाळीच ती आमच्या दारात उभी राहिली आणि आईच्या हातात किल्ली ठेवली.

"दीदी, जोत बुझनी नहीं चाहिए. और जवारे को पानी. तेरे हाथ से पौधा मरता नहीं."

ती रिक्षात बसून गेल्यावर बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "प्रतिज्ञा इसरली काय तू?"

"मी कोनाले हात जोडून नाई राहिली," आई म्हणाली. "दिव्यात तेल टाकतो अन् झाडाले पानी देतो."

"अन् उद्या ते जवारे सडले तं?" मी विचारलं. "नाव कोनाचं येईन? बौद्धाच्या बाईनं हात लावला म्हनून सडले, असंच म्हनतीन. कावून जातं तू?"

"तिचा नवरा मरून राहिला अन् तू मले लोकाईचं सांगतं."

पण भीती तिलाही होती. सकाळ-संध्याकाळ ती पलीकडे जायची तेव्हा ओठ घट्ट मिटलेले असायचे. सहाव्या दिवशी ती परत आली ती सरळ माझ्याकडे. एका टोपलीत मुळांशी पांढरी बुरशी धरली होती. शेजारणीने जाताना घाईघाईत भरमसाट पाणी ओतलं होतं, ते खाली तुंबलं होतं. आईने विणायची सुई घेतली, टोपलीच्या बुडाच्या फटी मोकळ्या केल्या, टोपली विटांवर उचलून ठेवली आणि वर चुलीतली राख भुरभुरली. मी त्यांच्या देवघराच्या दारातूनच बघत होते. देवीकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही, सगळं लक्ष मातीत. दुसऱ्या दिवशी पाणी बंद. मी शाळेत होते, पण शिकवण्यात जीव नव्हता. अष्टमीला अंकुर पुन्हा ताठ झाले, आणि त्याच दुपारी नवऱ्याला घेऊन शेजारीण घरी आली.

नवमीला तळ्यावरून परतताना ती पानाच्या दोन्यात प्रसाद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरली. याआधी ती ओसरीच्या पुढे आलेली मला आठवत नाही.

"परसाद मैं नहीं खाती," आई म्हणाली. "तू जानती है."

 शेजारणीने दोना पदराखाली घेतला आणि ओट्याजवळ खाली बसली.

"तो मुझे खिला, दीदी. मेरा उपास तेरे हाथ से छूटेगा."

आई गडबडलीच. सकाळची अंबाडीची भाजी आणि भात, बाकी काही नव्हतं. तिने चटकन लसणाची फोडणी दिली, ताट वाढलं. शेजारीण जेवली, मग भात मागून घेतला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण रागही तिथेच होता. नवऱ्याच्या जिवावर बेतलं नसतं तर ही बाई या फरशीवर बसली असती का? एका ताटाने एवढी वर्षं फिटतात का? मी आईकडे पाहिलं. तिच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. ती शेजारणीच्या ताटात भाजी वाढत म्हणत होती, "पहले बताती तो वडी बनाती ना."