मामांनी घासलेलं इंजिन

"कोणी घासलं हे?" मुंबईहून आलेल्या माणसानं विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाच्या कपबश्या, कडेवर पोर, नखांत अजून राख, आणि समोर हे, म्हणजे माझे मिस्टर, एकेकाच्या तोंडाकडे बघतायत... मी तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवरून मामा बोलले, "मीच घासलंय ता."

मामा म्हणजे माझे सासरे. जाऊन दीड महिना झाला. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते, आणि विलायतेतल्या कुठल्याशा बंदरात पहिल्या पगारातून त्यांनी ते खेळण्यातलं इंजिन घेतलं, हातभर लांब, हिरवं, बाजूला सोनेरी रेघ आणि जाड रंगात काढलेला नंबर. आमच्या तोंडवलीत लोक म्हणायचे, "रेल्वेचो पत्तो नाय नि म्हाताऱ्याच्या पेटयेत इंजिन." मामा हसायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नंबर अंगठ्यानं चाचपायचे. मी सहावीत शाळा सोडलेली, तरी रविवारची ही पुरवणी मीच त्यांना वाचून दाखवायची. अडखळले की म्हणायचे, "रव, बोट ठेव, परत वाच." इतकं थांबून माझं माहेरी पण कोणी ऐकलं नव्हतं.

त्या माणसाला जुनी इंजिनं जमवायचा नाद. मे महिन्यात बघून गेला, दिवाळीनंतर नेतो म्हणाला. त्या पैशांत यांच्या होडीला मशीन येणार होतं, दुसऱ्याच्या होडीवर जायचं संपणार होतं. सगळं बोलणं पडवीत झालं, मी चुलीपाशी. इंजिन आहे तसंच ठेवा, हात लावू नका, असं तो सांगून गेलेला, ते मला कोणी सांगितलंच नाही. मला एवढंच कळलं की गिऱ्हाईक येणार. मग चतुर्थीला समया घासतो तसं मी ते राख आणि आमसुलं लावून घासलं. हिरवं जायला लागलं, खालून पितळ निघालं, मला वाटलं केवढा मळ साचलाय, मी आणखी जोर केला... नंबरसुद्धा गेला.

तो माणूस इंजिन उलटंपालटं करत म्हणाला, "आजोबा, याचा मूळचा रंग होता म्हणून किंमत होती. थोडा उडालेला चालला असता. आता हे नुसतं पितळ आहे." चहा न पिता गेला.

"बाबानू, चळ लागलो काय तुमका?" हे म्हणाले. मामांनी चाचपत इंजिन जवळ ओढलं. मी कपबश्या उचलून आत गेले. एकदा डाळ करपली तेव्हा हे बोलले होते, पोर ठेवून तुला पिंगुळीला माहेरी धाडीन, ते माझ्या कानात होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी मी मामांचे पाय धरले. ते म्हणाले, "गप रव गो. तुका ह्या घरात अजून खूप दिस काढूचे आसत. माझे किती ते."

त्यानंतर सहा महिने पोटच्या मुलानं त्यांना नीट हाक मारली नाही. मामा पानावर बसले की हे उठून जायचे. मी पुरवणी घेऊन बसले की मामा म्हणायचे, "रवांदे आज." आता तर आमच्याकडे पेपर कोणी उघडत नाही, म्हणून तर मी हे लिहायचं धाडस केलं, आणि पेपरवाल्यांना नाव घालू नका म्हणून सांगितलंय.

बाराव्याला हे पंगतीत सांगत होते, "रेल्वे नसलेल्या गावात बाबांनी इंजिनाक आंघोळ घातल्यानी." पंगत हसली. मी भात वाढत होते, वाढतच राहिले. खरं सांगते, मामांचा पण राग येतो मला. ते सुटले, आणि मला वाचवून हे सगळं ऐकायला ठेवून गेले...

इंजिन आता कोनाड्यात आहे. खाऱ्या हवेनं पितळ काळवंडायला लागलंय. परवा हे म्हणाले, "घास गो ता एकदा, बाबांनी घासल्यानी तसा." मी बरं म्हटलं आणि घासलं.

वाचणाऱ्या बायांनो, पोर कडेवर असताना तुम्ही बोलला असतात काय?