हाताची चव

चामडीच्या डॉक्टरने मला फसवले. पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडून चुरत होते, त्यासाठी त्याने गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाची चव जाऊ शकते, हे मात्र सांगितले नाही.

मी आठवडी बाजारात मोहफुले आणि चारोळी विकत घेतो. भाव बोलण्याआधी माल तोंडात टाकायचा, ही आमची रीत. जुना मोह माझ्या जिभेवर लगेच उघडा पडायचा. त्या दिवसांत सगळाच माल गंजका लागू लागला. मी विकणाऱ्यांशी भांडलो, पोती परत पाठवली. जिभेवर शंका घ्यावी असे कधी मनातही आले नाही.

घरी आईने अंबाडीची भाजी वाढली. पहिल्याच घासाला माझे तोंड वाकडे झाले.

"काऊन रे, मीठ जास्त झालं?"

"मीठ नाई. लोखंड चाटून राह्यलो असं लागते."

तिने कढई राखेने घासली. मग कढई बदलली, तेल बदलले. मी दोन घास खाऊन उठत राहिलो.

"मले तं मस्त लागते, आत्याबाई," बायको म्हणाली.

"तू माहं मन राखतं. त्याची जीभ खोटं नाई बोलत, बाजार चालते तिच्यावर. माह्याच हाताची चव गेली."

लग्नाघरी वडे करायला गावभर तिलाच बोलावत. त्या हंगामात बोलावणे आले तर तिने गुडघ्याचे निमित्त सांगितले. स्वयंपाकघरात येणेही सोडले. थंडीत छाती भरली आणि ती गेली.

त्यानंतर नख दाखवायला गेलो, तेव्हा सहज म्हणालो, जेवण लोखंडासारखे लागते.

"त्या गोळीनं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाला. "बंद करा, येईल परत."

"मंग देताना काऊन नाई सांगितलं?"

"सगळं सांगत बसलो तर कोणी औषध घेणार नाही."

मी खुर्ची ढकलून उठलो. बाहेरच्या माणसांनी मला धरले.

चव हळूहळू परत आली. आता अंबाडी आंबट लागते, पण ती आईच्या हातची नसते. मग तक्रार कसली, असे डॉक्टर विचारतो. माझी आई स्वतःच्या हातांना दोष देत गेली. तिच्या हातात काही खोट नव्हती, हे त्याने माझ्या घरी येऊन, तिच्या चुलीपुढे उभे राहून सांगावे. आणि आधी का बोलला नाही, याचे उत्तर तिथेच द्यावे.