दसऱ्याचं फूल आणि दुसरा सर्व्हर

मंगळवार, ४ नोव्हेंबर. गणपतीनंतर इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. विचारणाऱ्यांना "कामात आहे" असं कळवत होते... ते अर्धंच खरं होतं. आज मात्र लिहायलाच हवं.

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅच सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याचं लायसन्स सांभाळणं माझ्याकडे. युजर पाच, तेही नावानिशी. एकाच्या लॉगिनवर दुसऱ्याने बसायचं नाही.

सर्व्हर मात्र एकच. बॅकअप म्हणून दुसऱ्या मशीनवर कॉपी ठेवता येते, पण ते मशीन बंद हवं. मुख्य सर्व्हर बिघडला तरच ते चालू करायचं. दोन्ही एकदम चालू दिसले की कंपनीच्या लेखी ते दोन सर्व्हर... आणि लायसन्स एकाचंच.

गेल्या गुरुवारी सॉफ्टवेअर कंपनीचा मेल आला. तुमचं लायसन्स दोन ठिकाणी चालतंय, आठवड्याभरात खुलासा करा, नाहीतर बंद करू. खाली दुसऱ्या मशीनचा नंबर होता. आमच्या सर्व्हरशी ताडून पाहिला... जुळला नाही.

म्हणजे कॉपी बाहेर गेली. माझ्या मनात लगेच एकच नाव आलं. मंगेश. (त्याचं नाव इथे बदललंय. चूक कुणाची ते बदललेलं नाही.)

मंगेश इथल्याच राई गावचा. आमच्याकडे डिस्पॅच बघतो, कॉम्प्युटरचं लहानसहान कामही त्याच्याच हातचं. सर्व्हरच्या खोलीची किल्ली दोघांकडेच, तो आणि मी. संध्याकाळी तो गावातल्या दोन-तीन दुकानांचे कॉम्प्युटर लावून देतो, हेही मला माहीत. गणित किती पटकन सुटलं!

मग सगळंच दिसायला लागलं. मी जवळ गेले की तो फोन उलटा ठेवतो... खिशात कायम पेन ड्राइव्ह असतो... शुक्रवारी तो जेवायला गेल्यावर मी त्याचा ड्रॉवर उघडला. कुरियरच्या पावत्या, एक कंगवा, खोकल्याच्या गोळ्या. काही सापडलं नाही, तर मला तोही पुरावाच वाटला. हुशार आहे, मागे काही ठेवत नाही.

शनिवारी त्याला सरळ विचारलं.

"मी न्हाय केला, ताई." मग जरा थांबून म्हणाला, "तो बॅकअपवाला बघितला का?"

"तो बंदच असतो. विषय बदलू नकोस."

काल शेठना सांगितलं. "मला खात्री नाही, पण..." अशीच सुरुवात केली होती. शेठना 'पण'च्या पुढचंच ऐकू आलं. "मॅडम, उससे चाबी ले लो. कल से मत आने दो, बाद में देखेंगे."

मंगेशने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "कोनाच्या दुकानात काय लावलाय ते येऊन बघा ना, ताई. राई काय लांब न्हाय."

आज खुलाशासोबत पाठवायला सर्व्हरचा फोटो काढावा म्हणून त्या खोलीत गेले. कोपऱ्यात बॅकअपचं जुनं मशीन. त्यावर कुंकवाचं बोट आणि मागच्या जाळीत अडकलेलं झेंडूचं वाळलेलं फूल. फुलाच्या पाकळ्या थरथरत होत्या... खोलीतला पंखा तर बंद होता. मशीनवर हात ठेवला. गरम.

दसऱ्याला आमच्याकडे प्रेस मशीनपासून स्टेपलरपर्यंत सगळ्याची पूजा होते. पूजेला मशीन चालू हवं, ही कारखान्याची पद्धत. मंगेश तबक घेऊन माझ्या मागे उभा होता. "ताई, तो नका लावू, त्याचा लायसन न्हाय," असं म्हणालाही होता. "अरे, आरतीपुरता!" म्हणत बटण मीच दाबलं. आरती झाल्यावर बंद केला तो फक्त मॉनिटर... आणि पेढे वाटायला बाहेर आले.

नंबर ताडून पाहिला. जुळला. मेलमध्ये तारीखसुद्धा होती, दसऱ्याचीच. पाच दिवस मी तो मेल वाचत होते आणि तारीख काही वाचली नव्हती.

मशीन बंद केलं, कंपनीला घडलं ते लिहून पाठवलं. तासाभरात उत्तर आलं: बंद केलंत ना, नोंद घेतली, विषय संपला. एवढंच होतं.

मंगेशने माझा फोन उचलला नाही. शेठ आज बाहेरगावी आहेत. त्यांना फोनवर सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं... भीती वाटली की पुन्हा "मला खात्री नाही, पण" अशीच सुरुवात करेन.

किल्ल्या दोन होत्या. पाच दिवसांत माझ्या किल्लीवर मला एकदाही संशय आला नाही. त्याने मात्र मला दोनदा सावध केलं होतं, तेही ताई म्हणून.

उद्याचं काम: ऑफिसच्या आधी राईला जायचं, मंगेशची किल्ली घेऊन.