सहा नंबरची मॅगझिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा लिंबागणेशच्या गणपतीपुढं हात जोडून उभा राहिलो, म्हटलं निदान देवाला तरी सांगावं — तर तिथंही पाऊसपाण्याचं नि पोरीच्या लग्नाचं बोलून बाहेर आलो. आता तुम्हाला सांगतोय. कशापायी सांगतोय, ते माझं मलाच नीट उमगलेलं नाही.

मी मोटारी भरणारा माणूस. बीडला माझं छोटं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी त्यांत नवी तार भरून देतो. त्यामुळं आमच्या नेमबाजीच्या क्लबात मला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. क्लब म्हणजे काय हो, गावाबाहेर खडीची एक जुनी खाण, तीन बाजूंनी उभा कातळ, रीतसर परवानगी, बारा-पंधरा हौशी माणसं आणि पॉइंट टू-टूची तीन पिस्तुलं. समोर एका ओळीत पोलादाच्या पाच प्लेटा. गोळी बसली की ठण्ण वाजून प्लेट मागं पडते. पाचही प्लेटा कोण कमी वेळात पाडतो, एवढाच खेळ.

आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीत, गोळ्या पाचच भरायच्या. सहावी नाही. लोकांना वाटतं, ह्यात सगळं नेमावर असतं. नेम लागतोच, नाही कोण म्हणतो? पण पाच प्लेटांना पाचच गोळ्या असल्या, की एक गोळी जरी अडकली तरी एक प्लेट उभीच राहणार. मग तुमचा नेम अर्जुनाचा का असेना! म्हणून मॅगझिन कुठली घ्यायची, ह्याला लई महत्त्व. ते काम माझं. स्प्रिंग दमलेली आहे का, वरच्या कडा फाकल्यात का, हे मला नुसत्या अंगठ्यानं कळायचं. तरी प्रत्येक मॅगझिन सहा-सहा वेळा भरून, झाडून बघायचो. एकदा जरी गोळी अडकली तरी ती मॅगझिन सामन्याला नाही — हा नियम मीच केला होता. आठ मॅगझिन होत्या. बायकोच्या नेलपॉलिशनं मी त्यांच्यावर नंबर घातले होते.

आमच्यात एक रीत होती. सामन्याच्या दिवशी प्रत्येकानं माझ्यापुढं यायचं, हात पुढं करायचा, मी त्यावर दोन मॅगझिन ठेवायच्या, त्याच्या फेऱ्या झाल्या की परत घ्यायच्या. कुठल्या, कशा, हे कुणी विचारायचं नाही. आमचे जुने सुभेदार, तेच क्लबाचं सगळं बघायचे, म्हणायचे, "मिस्त्रीनं दिली म्हंजे बघायचं काम न्हाई." हे ऐकलं की माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

शैलाचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे तिचंच सांगायचंय — मीच टाळतोय.

शैला लिंबागणेशची सून. तिच्या सासऱ्यांचं तिथं किराणा दुकान. माणसं चांगली, शंकराची भक्त, पण सून पिस्तूल चालवते म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजा. सासूनं शेवटी अट घातली होती. एक वरीस काय खेळायचं ते खेळ. राज्याच्या सामन्याला नाव लागलं तर पुढं बघू. न्हाई लागलं तर हे समदं बंद, मुकाट दुकानात बसायचं. हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर मी स्वतःला लई वेळा समजावलंय, की आपल्याला तेव्हा काही कल्पना नव्हती.

होती की.

हात काय होता तिचा! घाई नाही, थरथर नाही. मी नऊ वर्षं झिजून जो वेळ कमावला, तो तिनं आठ महिन्यांत मागं टाकला. आणि राज्याच्या सामन्याला आमच्याकडून एकच माणूस जाणार होता. त्याआधीची दोन वर्षं माझं नाव थोडक्यात हुकलं होतं. घरी, दुकानात, गिऱ्हाइकांत मी सांगून बसलो होतो की औंदा मीच. तिला मी शिकवलं, हेही खरं. मला ती दादा म्हणायची. सराव संपला की डब्यातली शेंगाचटणी-भाकरी पहिल्यांदा माझ्यापुढं धरायची. अशा बाईचा राग येतो माणसाला? मला यायचा. तोंडानं "शाब्बास पोरी" म्हणायचो आणि आतून जळायचो.

खंडेनवमीला आम्ही शस्त्रांची पूजा करायचो. घोंगडीवर पिस्तुलं, मॅगझिन, झेंडूची फुलं. त्या वर्षी सुभेदार म्हणाले, आपल्यात पहिल्यांदाच लेक आलीय, पूजा तिच्या हातनं होऊ द्या. आम्ही नुसतं पिस्तुलाच्या मुठीला कुंकवाचं बोट लावायचो. तिला कोण सांगणार? तिनं मनोभावे एकेका मॅगझिनला हळद-कुंकू वाहिलं. कुणी काही बोललं नाही. मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठही मॅगझिन उघडल्या, स्प्रिंगा बाहेर काढल्या, रॉकेलनं धुतल्या, ब्रशानं कोपरान् कोपरा साफ केला, पुसून वाळवल्या. कुंकवाचा कण राहिला नव्हता. हे मी आज कुणाच्याही पुढं शपथेवर सांगेन. त्या दिवशी नाही सांगितलं.

धुतल्यावर झाडून बघितल्या. सातांत काही खोट नव्हती. सहा नंबरची मात्र चौथ्या गोळीला अडकली. परत भरली, परत चौथीलाच. कडा फाकल्या होत्या, कुंकवाचा काही संबंध नव्हता. तिला बाजूला काढून भंगाराच्या डब्यात टाकायची, एवढंच काम होतं. मी ती हातात धरून बराच वेळ बसलो. आणि सातांच्या शेजारी ठेवून दिली. तेव्हा मनात काय होतं? खरं सांगू? तेव्हाही होतं तेच. फक्त स्वतःशी बोललो नव्हतो.

रविवारी सामना, ह्यातूनच राज्याला कोण जाणार ते ठरायचं होतं. एकेक जण पुढं आला, हात पुढं केला, मी मॅगझिन ठेवत गेलो. शैला आली. हिरवी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. तिनं आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, मग हात पुढं केला. मी तिच्या हातावर दोन नंबरची ठेवली. आणि सहा नंबरची ठेवली.

झालं. हेच ते. एवढं बोलायला अकरा वर्षं लागली.

पहिली फेरी तिनं दोन नंबरवर मारली. पाच आवाज, पाच प्लेटा. आमच्यातला कुणी तिच्या जवळपास नव्हता, मीही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिच्या नवऱ्यानंसुद्धा. तो बिचारा दुकान बंद ठेवून आला होता, सगळ्यांच्या मागं उभा. दुसऱ्या फेरीला तिनं दुसरी मॅगझिन चढवली. एक, दोन, तीन — आणि नुसतंच टक्. गोळी तोंडाशी आडवी. तिनं पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढला, गोळी खाली मातीत पडली. शेवटची मारली, ती बसली. पण एक प्लेट उभी राहिली. तिनं मान वळवून सरळ माझ्याकडं बघितलं. पिस्तुलाकडं नाही, प्लेटेकडं नाही, माझ्याकडं. आपलं काय चुकलं ते दादा सांगतील, अशा नजरेनं. मी वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती.

सुभेदार तावातावानं आले. "आत कुंकू गेलं असंल! मॅगझिनला कुंकू वाहतेत का कुठं, आँ?" मग बाकीच्यांनाही तोंड फुटलं. देवभोळेपणा नडला, बायकांचं हे असंच — काय काय बोलले. ती कावरीबावरी झाली. सुभेदारांनी मला विचारलं, "मिस्त्री, तुमी तर धुतल्या व्हत्या ना?"

ती वेळ होती. तेव्हा बोलता आलं असतं. निदान मॅगझिन माझी होती, चूक माझी, इतकं तरी. फेरी परत दिली असती तिला, सुभेदार तसे न्यायाचे माणूस होते. मी म्हणालो, "धुतल्या व्हत्या. पर राहिलं असंल एखाद्या कोपऱ्यात. जाऊ द्या, लेकराला काय बोलायचं?"

बघा, कसं बोललो. मऊ, मायेनं. करून सवरून नामानिराळा, वर चांगुलपणा पदरात. ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. म्हणाली, माझ्याच हातानं केलं मी.

राज्याला मी गेलो. शेवटून तिसरा आलो. तोपर्यंत तिकडं शैला दुकानात बसायला लागली होती. तिनं परत पिस्तूल धरलं नाही. सहा नंबरची मॅगझिन मी पुढच्याच आठवड्यात हातोडीनं चेचून टाकली. क्लब नंतर तीन-चार वर्षांत मोडला, सुभेदारही गेले. मी मोटारी भरतो.

गेल्या चतुर्थीला लिंबागणेशला गेलो होतो. देवळाच्या वाटेवरच तिचं दुकान आहे. एरवी मी पलीकडून जातो. त्या दिवशी तिनंच हाक मारली. केस पांढरे झालेत तिचे. शेजारी तिची थोरली लेक बसली होती, कॉलेजात जाणारी. शैलानं मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि लेकीला म्हणाली, "हेच गं आपले मिस्त्रीदादा. माझ्या हातनं येवढी मोठी चूक झाली, तवा समदे बोलले मला. एकटे दादा तेवढे बोलले न्हाईत."

लेक माझ्या पाया पडली.

शैला माझ्याकडं बघत होती. डोळे भरले होते तिचे. अकरा वर्षं ती ते ओझं घेऊन बसली आहे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे शैला," मी म्हणालो. "झालं गेलं. नको मनाला लावून घेऊ."

मी तिला माफ केलं.