गोठ्यातली बाटली

"काय पाणी टोचून राह्यली का गं माझ्या मायला?" भर दुपारी, भर अंगणात वाड्याचा मालक माझ्यावर ओरडला. सालगडी बघत होते. शेजारणी बघत होत्या. "तुमच्या लोकांच्या हाताला गुण येणार तरी कुठून!"

वाटूरजवळच्या एका खेड्यात मी उपकेंद्राची नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस साखर, बीपी, जखमा, सगळं माझ्यावर. मालकाच्या आईला साखरेचं, इन्सुलिनचं इंजेक्शन मीच द्यायचे. दिवाळीपासून रोज सकाळी, अंगणात उभी राहून. ओसरीवर चढायची मला मुभा नव्हती. म्हातारी पायरीवर बसून दंड पुढे करायची, तोंड भिंतीकडे. मी वळले की ती न्हाणीत शिरायची, मला धुऊन काढायला. मी गिळायचे. नोकरीची भीती होती, खोटं कशाला बोलू?

चैत्रात तिच्या अंगठ्याची जखम काळी पडली. लघवी तपासली तर साखर बेसुमार. म्हणून ही बोंब.

मी सुनेला विचारलं, "बाटली कुठं ठेवता?"

ती खाली बघत म्हणाली, "गोठ्यात."

पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं, औषध गारव्यात ठेवा, माठाखालच्या ओल्या वाळूत. पण माझा हात लागलेली बाटली पाण्याच्या माठाजवळ कशी जाणार? ती तापलेल्या पत्र्याखाली, बैलांच्या झुलीशेजारी होती. सकाळी सून माझ्या हातात द्यायची, तेव्हा ती रात्रीच्या हवेनं गार असायची. आता दुपारी हातात घेतली तर चहाच्या कपासारखी गरम. औषध कधीच मेलं होतं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पहिल्यांदा मी ओसरीवर चढले. बाटली मालकाच्या पुढ्यात ठेवली.

"विटाळ पाळला, औषध नासवलं. आता मायला उपकेंद्रात आणा. रांगेत बसवा."

"नोकरी खाईन तुझी!"

"खा. पण आधी मायचा पाय वाचवा."

तो अडून बसला. पंधरा दिवसांनी म्हातारीला जीपमधून आणलं, तोवर उशीर झाला होता. जालन्याला पाय गुडघ्याखालून कापला. मला वाईट वाटलं. पण अपराधी वाटलं नाही, आणि वाटून घेणारही नाही.

नंतर बदल्या झाल्या, गावं बदलली, बोलावणी येतच राहिली. मी आधी विचारते, औषध कुठं ठेवणार? माझ्या हातच्या बाटलीला घरात जागा नसेल, तर मी त्या अंगणात पाय ठेवत नाही. उपकेंद्रात या. तिथं रांग एकच आहे, आणि ती मी लावते.